अधिकरावांची थकबाकी

२९ फेब्रुवारीच्या सकाळी अधिकरावांच्या देखत एक वाक्य बोलायचं नसतं : “यंदा एक दिवस जास्तीचा मिळाला.” आमच्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की पाणी किती वाजता येतं, गाडी कुठे लावायची नाही आणि हे, एवढं सांगून ठेवायची पद्धत आहे. तरी दर लीप वर्षाला कोणीतरी बोलून जातंच. मग अधिकराव हातातली भाजीची पिशवी जमिनीवर ठेवतात. पिशवी जमिनीला टेकली की समोरच्यानं ऑफिसात फोन करून अर्ध्या दिवसाची रजा टाकावी, हे उत्तम.

“जास्तीचा? कोणी दिला? कोणत्या आदेशान्वये? अहो, थकबाकी आहे ती! आपलीच. चार वर्षं दाबून ठेवलेली.”

अधिकराव कोषागारातून निवृत्त झाले. सरकारी बिलं तपासून, त्यांत खोट काढून, ती परत पाठवण्यात त्यांची हयात गेली. खिशाला दोन पेनं असायची. निळं मंजुरीसाठी, लाल आक्षेपासाठी. लाल पेनाच्या कांड्या महिन्याला लागत. निळं मात्र नोकरीला लागताना घेतलेलंच निरोपसमारंभापर्यंत पुरलं, असं त्यांच्या हाताखालचे लोक सांगतात. साताऱ्याच्या निम्म्या खात्यांनी त्यांना कधी ना कधी शाप दिलेले आहेत, पण त्यांच्या टेबलावरून रुपयाही इकडचा तिकडे झाला नाही, हेही तेच लोक सांगतात.

निवृत्तीनंतर तपासायला बिलं उरली नाहीत. माणसानं काय करावं? कोणी नामस्मरण करतो, कोणी शेअर बाजार करतो. अधिकरावांनी सूर्य तपासायला घेतला.

त्यांचं म्हणणं असं. पृथ्वीची सूर्याभोवती एक फेरी ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं आणि सुमारे ४६ सेकंदांत होते. आपल्याला दर वर्षी मिळतात ३६५ दिवस. वरचे पावणेसहा तास जातात कुठे? ते थकतात. चार वर्षांत ही थकबाकी २३ तास १५ मिनिटं ४ सेकंद होते, आणि ती २९ फेब्रुवारीला एकरकमी अदा केली जाते. इथपर्यंत ऐकणारा मान डोलावतो आणि सुटलो म्हणून पिशवी उचलून त्यांच्या हातात द्यायला जातो. पण लाल पेन आता कुठे उघडलेलं असतं. “देणं होतं सव्वातेवीस तासांचं. दिले किती? चोवीस! म्हणजे दर वेळी पाऊण तासाचं अतिप्रदान!”

अतिप्रदान हा शब्द ते ज्या सुरात उच्चारतात, त्या सुरात इतर लोक ‘अफरातफर’ म्हणतात. शंभर वर्षांत हे अतिप्रदान पावणेएकोणीस तासांवर जातं, म्हणून शतकाच्या वर्षी दिवस द्यायचा नाही. १७००, १८००, १९०० ही लीप वर्षं नव्हेत. पण पावणेएकोणीस तासांपोटी आख्खा दिवस कापला म्हणजे वसुली जादा झाली, आणि कर्मचाऱ्याकडून जादा वसुली करणं हाही गुन्हाच. म्हणून चारशे वर्षांतून एकदा कपात माफ. १६०० लीप होतं, २००० लीप होतं. १९९९ साली ‘शतकाचं वर्ष लीप नसतं’ एवढंच अर्धवट माहीत असलेली माणसं साताऱ्यात बरीच निघाली. अधिकरावांच्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा काळ असावा. काहीच माहीत नसलेल्या माणसाशी वाद घालण्यात त्यांना गोडी वाटत नाही.

२१०० सालाची तजवीजही झालेली आहे. घरातल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय : ‘सन २१००, फेब्रुवारी २८ दिवसांचा. २०९६ नंतर थेट २१०४. फसू नये.’ पुण्याहून नातू आला की त्याला कपाट उघडून ते वाचायला लावतात. नातू तेव्हा चौऱ्याऐंशीचा असेल. कपाट असेलच.

इतिहास त्यांना याच चालीवर पाठ आहे. ज्युलियस सीझरनं इसवी सनापूर्वी ४६ मध्ये घोळ निस्तरायला घेतला, तर ते एक वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं. “मागच्या सगळ्या साहेबांचं साचलेलं एकाच आर्थिक वर्षात काढलं. हिंमत पाहिजे.” पण सीझर मारला गेला आणि अंमलबजावणी गेली रोमच्या पुरोहितांच्या हाती. चौथ्या वर्षी दिवस द्यायचा, हे त्यांनी मोजताना सुरुवातीचं वर्षही धरलं आणि दिवस दर तीन वर्षांनी पडू लागला. ३६ वर्षांत ९ ऐवजी १२ दिवस निघाले. इथे अधिकरावांचा आवाज कधी नव्हे तो हळवा होतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या पुरोहितांत त्यांना आपले कारकून दिसतात. पुढे ऑगस्टसनं तीन लीप दिवस रोखून हिशेब सरळ केला. मग पोप तेरावा ग्रेगरी. त्याच्यापर्यंत दहा दिवसांचं अतिप्रदान साचलं होतं, तर त्यानं १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. एकरकमी वसुली. इंग्रजांनी प्रकरण पावणेदोनशे वर्षं तुंबवलं आणि १७५२ मध्ये अकरा दिवस कापून घेतले.

स्वीडनचं नाव काढलं की मात्र अधिकराव कपाळाला हात लावतात. त्या लोकांनी वसुली हप्त्यानं करायची ठरवली. १७०० पासून चाळीस वर्षं लीप दिवस घ्यायचेच नाहीत, म्हणजे कोणाला बोजा पडणार नाही. १७०० चा हप्ता गेला. मग लढाई लागली आणि १७०४ आणि १७०८ चे हप्ते कापायचे राहूनच गेले. स्वीडनची तारीख आता ना जुन्यांशी जुळे ना नव्यांशी. अखेर राजानं कापलेला एक हप्ता परत करून टाकायचा हुकूम काढला. त्यासाठी १७१२ च्या फेब्रुवारीत नेहमीच्या २९ वर आणखी एक दिवस घालावा लागला. स्वीडनमध्ये त्या वर्षी चक्क ३० फेब्रुवारी उजाडला. “हप्ते पाडून दिले की हे असं होतं,” अधिकराव म्हणतात आणि त्यांच्याकडून घरबांधणी अग्रिमाचे हप्ते पाडून घेतलेला एखादा जुना सहकारी खाली बघतो.

ही झाली त्यांची तात्त्विक बाजू. माणूस कळतो तो व्यवहारात.

फेब्रुवारीचं दुधाचं बिल बघा. वहिनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात ‘१’ किंवा ‘१॥’ लिहितात. जादा दूध घेतलं तर ‘पाहुणे’ असंही. २०२४ च्या मार्चात दूधवाल्यानं सवयीनं अठ्ठावीस दिवसांचे पैसे मागितले. अधिकरावांनी कॅलेंडर खिळ्यावरून उतरवून त्याच्यापुढे धरलं. दूधवाला घाबरला. त्याला वाटलं, खाडा दाखवतायत. “एकोणतीस झाले. एका दिवसाचं कमी मागतोयस तू!” दूधवाला म्हणाला, “जाऊ द्या की काका, एका लिटरनं काय हुतंय?” त्यावर त्या बिचाऱ्याला एका लिटरनं काय होतं ते सीझरपासून ऐकावं लागलं आणि त्या दिवशी आमच्या वरच्या दोन मजल्यांचं दूध नासलं.

फेब्रुवारी हा त्यांचा एरवीही मोसमच. ‘या फेब्रुवारीत चार सोमवार, चार मंगळवार, चार बुधवार असे सगळे वार चार-चार वेळा आले आहेत, असा योग ८२३ वर्षांनी येतो, अकरा जणांना पाठवा’ हा निरोप दर वर्षी कोणीतरी ग्रुपवर टाकतं. अठ्ठावीसला सातानं भागलं की चार येतात, हे अधिकराव दर वर्षी शांतपणे लिहितात. लीप वर्षात एका वाराची पाचवी पाळी येते, तेव्हा हा निरोप येत नाही आणि ते जरा हिरमुसलेले असतात.

बिनपगारी रजेबद्दलचा त्यांचा सल्ला तर मी स्वतः मुलाला दिलाय. पगार महिन्याचा ठरलेला, कपात दिवसाच्या हिशेबानं. महिन्याचा पगार एकतीसनं भागा आणि अठ्ठावीसनं भागा. म्हणजे फेब्रुवारीतला खाडा सगळ्यांत महाग. “लग्नकार्य, आजारपण, जे काय असेल ते शक्यतो मार्चात न्यावं. लीप वर्ष असेल तर फेब्रुवारीत थोडी सवलत बसते.”

याच हिशेबाची दुसरी बाजू त्यांच्या मनाला लागलेली आहे. महिन्याचा पगार तोच असेल, तर २९ फेब्रुवारीला नोकरदार फुकट राबतो. अधिकरावांच्या नोकरीत १९८४ पासून २०१६ पर्यंत असे नऊ दिवस आले. त्यातला २००४ चा रविवार होता, तो त्यांनी स्वतःहून वजा केला. १९९२ चा शनिवार होता, पण महिन्यातला पाचवा. तेव्हा दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी असायची, पाचव्याची नाही. राहिले आठ. या आठ दिवसांच्या वेतनाचा अर्ज त्यांनी निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात लिहिला, दोन प्रतींत. मग सवयीनं तपासायला घेतला आणि त्यावर स्वतःच आक्षेप काढला : ‘विहित मुदतीत मागणी नाही. सबब अमान्य.’ अर्ज अजून फायलीत आहे. पुढे राज्य सरकारनं पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तो नेमका २९ फेब्रुवारी २०२० पासून. वार शनिवार. आख्खं सरकार थकबाकीच्या दिवशी घरी बसलं, आणि अधिकराव निवृत्त होऊन चार वर्षं होत आली होती. त्या दिवशी ते जेवले नाहीत असं वहिनी म्हणतात. अधिकराव म्हणतात, एकादशी असावी. नव्हती, त्यांनाही ते माहीत आहे.

त्याच दिवशी दुपारी दोनला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना नात झाली. वर्ष सरत आलं तसा आजींना प्रश्न पडला, आणि त्यांनी तो जिन्यात भेटलेल्या अधिकरावांना विचारला. साधा होता. केक अठ्ठावीसला कापायचा की एक तारखेला?

दुसऱ्या दिवशी आजींच्या दाराच्या फटीतून एक पाव ताव आत सरकला. वाढदिवस म्हणजे पृथ्वी पुन्हा त्याच जागी येणं, या न्यायानं केलेलं वेळापत्रक होतं. पहिला वाढदिवस : २८ फेब्रुवारी २०२१, सायंकाळी ७ वाजून ४९ मिनिटं. दुसरा : १ मार्च २०२२, पहाटे १ वाजून ३८ मिनिटं. तिसरा : १ मार्च २०२३, सकाळी ७ वाजून २६ मिनिटं. चौथा : २९ फेब्रुवारी २०२४, दुपारी १ वाजून १५ मिनिटं. खाली तळटीप : ‘चौथ्या वर्षी ४५ मिनिटांची तफावत दिसते, ती नियमानुसार आहे. काळजी नसावी.’

पहिल्या वर्षी योगायोगानं रविवार होता आणि वेळही दिवेलागणीनंतरची, तेव्हा घरच्यांनी मान राखला. दुसऱ्या वर्षी एकच्या पुढे जागं राहायला कोण बसलंय? सगळे झोपले. १ वाजून ३८ मिनिटांनी आजींच्या उशाशी फोन वाजला. मध्यरात्री फोन वाजला की आपल्याकडे माणूस आधी चपला शोधतो. तीन खोल्यांत दिवे लागले, आजींचे चिरंजीव एटीएम कार्ड खिशात घालून तयार झाले, आणि मग आजींनी चष्मा लावून वाचलं : ‘चि. चिऊ हिस दोन वर्षे पूर्ण. शुभाशीर्वाद.’ त्यानंतर तिसऱ्या मजल्यानं तिन्ही ऋतूंत रात्री फोन बंद ठेवायची शिस्त लावून घेतली.

पण पोरीची आणि त्यांची गट्टी आहे. चार वर्षांची झाली त्या दुपारी ती खालीच खेळत होती. तिनं विचारलं, “आजोबा, मी चार वर्षांची की एक वर्षाची? दादा म्हणतो तू एकच.” अधिकराव उकिडवे बसले. एवढ्या लहान लेकराला काय सांगावं, याचा ज्यांना पाचपोच असतो असे लोक मोरारजी देसाईंचं नाव काढत नाहीत. अधिकरावांनी काढलं. मोरारजीभाई जन्मले २९ फेब्रुवारी १८९६ ला. पुढचा लीप दिवस १९०० ला यायचा, तो शतकाच्या कपातीत गेला. पहिला खरा वाढदिवस उजाडला १९०४ मध्ये, आठव्या वर्षी. “तुला चारच वर्षं थांबावं लागलं. त्यांना आठ. तरी पंतप्रधान झाले!” अधिकरावांचे वडील संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांत होते, मोरारजींचं नाव त्यांच्या घरात कोणत्या विशेषणांसह घेतलं जाई ते सातारकरांना सांगायला नको. मी तशी आठवण करून दिली तर म्हणाले, “राजकारण वेगळं, थकबाकी वेगळी. त्या माणसावर १९०० साली अन्याय झाला.”

चिऊनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग त्यांना आठ केक मिळाले का?”

अधिकरावांना या शास्त्रानं एकदाच अडचणीत आणलं, आणि तेही पोरांनी सांभाळून घेतलं म्हणून निभावलं. शिवजयंतीच्या तयारीची बैठक होती. सरकारी जयंती १९ फेब्रुवारीला, तिथीची फाल्गुन वद्य तृतीयेला. आमची पोरं दोन्ही करतात. वर्गणीचं बोलणं संपत आलं असताना अधिकरावांनी हात वर केला. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे, इंग्रज तेव्हा तेच वापरत. गोव्यातल्या पोर्तुगीजांचं कॅलेंडर पोपच्या सुधारणेनंतर दहा दिवस पुढे गेलेलं होतं. आज आपण जे कॅलेंडर वापरतो त्याच्या हिशेबानं तो दिवस १ मार्चचा. वार दोन्हीकडे शुक्रवारच येतो, ताडून बघा. बैठकीत शांतता पसरली. अध्यक्ष म्हणजे बाविशीचं पोरगं, ते हात जोडून म्हणालं, “काका, दोन जयंत्यांची वर्गणी मागताना आमच्या नाकी नऊ येतात. तिसरी काढू नका.” अधिकराव बसले. पण तिथीला कधी धक्का लागला नाही, लीप दिवसाचा सगळा घोळ बाहेरच्यांचा, हे त्यांनी खाली बसता बसता इतिवृत्तात नोंदवायला लावलंच.

चेकचा प्रसंगही त्यातलाच. आपलं एक राष्ट्रीय कॅलेंडर आहे. मेघनाद साहांच्या समितीनं ते बसवलं, समितीत ‘केसरी’चे ज. स. करंदीकर होते, नागपूरचे के. ल. दफ्तरी होते, आणि २२ मार्च १९५७ पासून ते लागू झालं. त्याचा चैत्र एरवी तीस दिवसांचा आणि २२ मार्चला सुरू. लीप वर्षी एकतीस दिवसांचा आणि २१ मार्चला सुरू. हे कॅलेंडर वापरणारे म्हणजे भारत सरकारचं राजपत्र आणि अधिकराव. चेकवर शकाची तारीख चालते हे कळल्यावर २९ फेब्रुवारी २०२४ ला त्यांनी सोसायटीच्या देखभालीचा चेक लिहिला आणि तारीख घातली : १० फाल्गुन १९४५.

खिडकीवरच्या मुलीनं चेक उलटसुलट पाहिला. “आजोबा, चेक तीन महिन्यांत भरायचा असतो. याला एकोणऐंशी वर्षं झाली.”

“आजच लिहिलाय.”

“१९४५ मध्ये तुमचा जन्म तरी झाला होता का?”

मग पिशवी खाली ठेवली गेली. रांग बाहेरच्या पायरीपर्यंत गेली, मॅनेजर बाहेर आले, परिपत्रक निघालं, अधिकराव जिंकले आणि चेक वटला. सोसायटीच्या सेक्रेटरीनं मात्र पुढच्या सभेत त्यांची देखभाल रोखीनं घ्यावी असा ठराव मांडला.

१९४५ मध्ये त्यांचा जन्म झाला नव्हता हे खरं. पण कधी झाला, हे विचारायची सोय नाही, कारण त्याला दोन उत्तरं आहेत. सेवापुस्तकात १ जून १९५८. ही मास्तरांची तारीख. पोराला शाळेत घालायला बाप आला आणि त्याला तारीख सांगता आली नाही की मास्तर १ जून लिहीत. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनच आहे. एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिनाअखेरीस निवृत्त होतो, म्हणून ३१ मे २०१६ ला ते आणि त्यांचे वर्गमित्र आपापल्या खात्यांतून एकदमच हारतुरे घेऊन बाहेर पडले. अवघ्या जिल्ह्यात त्या दिवशी शाली मिळेनात.

खरा जन्म १९५८ च्या अधिक श्रावणातला. धोंड्याच्या महिन्यात झालेला पोरगा म्हणून आजीनं नाव ठेवलं अधिकराव. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा जवळपास अकरा दिवसांनी तोकडं, तो तोटा साचत जातो आणि ज्या महिन्यात सूर्य रासच बदलत नाही तो महिना अधिक धरून हिशेब बरोबर केला जातो; म्हणजे आपला लीप महिना. आता गंमत अशी की अधिक महिना दर तीनेक वर्षांनी येतो, पण दर वेळी तो श्रावणच नसतो. अधिक श्रावण आला १९६६ ला, १९७७ ला, १९८५ ला, मग एकदम २००४ ला आणि मग २०२३ ला. पासष्ट वर्षांत पाच वाढदिवस. २९ फेब्रुवारीच्या कौतुकाचं त्यांना मनातून हसूच येत असणार. आणखी एक गोष्ट ते अभिमानानं सांगतात. १५ ऑगस्ट १९४७ हाही अधिक श्रावणातलाच दिवस, वद्य चतुर्दशी. “अधिकात शुभकार्य करत नाहीत. तरी केलंच ना? चाललंय ना?”

२०२३ चा अधिक श्रावण आला तेव्हा त्यांची लेक आणि जावई धोंड्याच्या जेवणाला आले होते. वहिनींनी तीन दिवस तांदूळ भिजवले होते, रोज पाणी बदललं होतं, पिठी कुटून गुळात मळून ठेवली होती. सकाळपासून खसखशीवर एकेक अनारसा थापून, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडणं चाललं होतं. प्रत्येकाला जाळी पडली होती. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, तांब्याच्या ताटात, वर दिवा लावून. मीही जेवायला होतो. वहिनी ताट घेऊन आल्या आणि अधिकरावांनी बोटानं मोजायला सुरुवात केली.

“तेहतीस कशाचे?” ते म्हणाले. “दोन अधिक महिन्यांत सरासरी साडेबत्तीस महिने जातात. त्याची गोळाबेरीज तेहतीस. पण सरासरीनं बिल काढत नाहीत, प्रत्यक्षावर काढतात.” त्यांनी खिशातून चिटोरं काढलं. या खेपेला मधे चौतीस महिने गेले होते, म्हणजे जावयाचा एक अनारसा बाकी. जावई संकोचला. “राहू द्या मामा.” “राहू कसं द्या? पण पुढे ऐका. त्याआधी २०२० चा अधिक आश्विन. तो अठ्ठावीस महिन्यांनीच आला होता. तेव्हा कोरोना म्हणून डबा पुण्याला पाठवला, त्यात तेहतीस गेले. पाचांचं अतिप्रदान. चौतीसातून पाच वजा जाता देय एकोणतीस.”

आणि त्यांनी खरोखरच ताटातले चार अनारसे उचलून बाजूला ठेवले. लेक म्हणाली, “बाबा!” वहिनी काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी ते चार उचलून पुन्हा ताटात ठेवले आणि म्हणाल्या, “वसुली करायची तर माझ्याकडून करा. तळलेत मी.”

जावई गरीब स्वभावाचा. त्याला वाटलं, आपण खरं सांगितलं तर भांडण मिटेल. तो म्हणाला, “मामा, तसं बघितलं तर २०२० चा डबा आमच्याकडे आला तेव्हा निम्म्याचा चुरा झालेला होता. आख्खे एकोणीसच निघाले.”

अधिकरावांचा हात तसाच राहिला. पाठवले तेहतीस, देय अठ्ठावीस, पोचले एकोणीस. मार्गातली तूट चौदा. ती कोणाच्या नावे टाकायची? डबा भरणाराच्या, नेणाराच्या, की घेणाराच्या? चुरा खाल्ला की टाकला, याची पोच कुठे आहे? जावई म्हणाला, चुरा दुधातून खाल्ला. म्हणजे तूट नव्हेच? मग वजनावर जायचं की नगावर?

वहिनींनी वरणावर तूप वाढलं आणि सगळ्यांना हात धुऊन घ्यायला सांगितलं. अधिकरावांनी चिटोऱ्याच्या तळाशी ‘उचंत खाती वर्ग’ असं लिहिलं, लाल पेनानं, आणि पहिला अनारसा उचलला. कोणत्या लेखाशीर्षाखाली, ते त्यांनी सांगितलं नाही.